बाथरूममधून गटाराचा वास येतोय? फिनाइल ओतण्याआधी या चुका टाळा

बाथरूममध्ये गटाराचा वास यायला लागला की घरात आधी फिनाइलची बाटली उघडते, मग डांबरगोळ्या येतात. दोन तास बरं वाटतं, पुन्हा तेच. फरशी कितीही घासा, वास खालच्या पाइपातून येतोय. त्याला अडवायला तिथे असतं फक्त नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या खोलगट भांड्यात, साचलेलं पाणी. वास अडवणारा हा पाण्याचा थर (सील) साधारण 50 मिलिमीटरचा असतो.

जाळी उचलून आत टॉर्च मारा. पाणी दिसलंच नाही तर ट्रॅप सुकलाय. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलं की हे हमखास होतं. बादलीभर पाणी ओता, काम झालं. पुढच्या वेळी निघताना त्या पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. बऱ्याच ट्रॅपमध्ये जाळीखाली प्लास्टिकची उलटी वाटी असते. तिच्या कडेला केस आणि साबणाचा करडा लगदा अडकतो, पाणी तुंबतं. मग कोणीतरी वाटी काढून खिडकीत ठेवतं. पाणी झपाट्याने जायला लागतं, सगळे खूश! आणि वासासोबत झुरळांनाही वाट मोकळी होते. वाटी जुन्या ब्रशने घासून परत बसवा. वॉशिंग मशीनचा पाइप जाळी काढून तसाच आत खुपसला असेल तर भोवतीची फटही रबरी बुशने बंद करा.

ॲसिड ओतायचं आणि वर ब्लीच, हे तर अजिबात नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वास नेमका कुठून येतो ते कळत नसेल तर रात्री नहाणी, बेसिन, सिंक अशी सगळी तोंडं प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा. सकाळी एकेक उघडत हुंगा. सिंक निघालं तर खालचा लवचिक पाइप बघा. तो सरळ खाली सोडलेला असेल तर पाणी थांबायला जागाच नाही. तळाशी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा बॉटल ट्रॅप बसवून घ्या. फक्त गीझरच्या गरम पाण्यालाच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ड्रेनेजला दोष देऊ नका. गीझरची टाकी धुवायची आणि आतला ॲनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी धातूची कांडी) तपासायची वेळ झालीय.

ट्रॅप भरूनही रोज रिकामा होतोय, वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या नहाणीत गुडगुड वाजतंय? मग संशय व्हेंट पाइपवर, म्हणजे ड्रेनेजमध्ये हवा खेळती ठेवायला गच्चीपर्यंत नेलेल्या पाइपावर घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना त्याचं तोंड बुजवलेलं असू शकतं, नाहीतर आत पक्ष्याचं घरटं. हे काम सोसायटीचं. प्लंबर तुमची फरशी फोडायला निघाला तर त्याला आधी गच्चीवर न्या.