ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेगाची तुलना करताना या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळा, वाचनालये आणि झेरॉक्सच्या दुकानांतून एकच विचारणा वारंवार होते: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या संगणकावर आहे तेच चालू ठेवावे की लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, आणि यांपैकी वेगवान कोणते? प्रश्न योग्यच आहे, पण त्याचे उत्तर काढण्यासाठी केलेल्या बहुतेक मोजण्यांत ऑपरेटिंग सिस्टीमचा वेग मोजलाच जात नाही. जे मोजले जाते ते खोलीचे तापमान, डिस्कवरची जागा किंवा विजेची अवस्था असते.

गेल्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या लॅपटॉपवर मी सकाळी विंडोजवर आणि दुपारी लिनक्सवर एकाच व्हिडिओचे रूपांतर करून वेळ मोजला. लिनक्स इतके मागे पडले की मी तसा अभिप्राय लिहायला घेतला होता. तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, पण दुपारी तर लाईट नव्हती." दुपारची सगळी चाचणी बॅटरीवर झाली होती. बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरला मिळणारी शक्ती आखडती घेतात, आणि तो फरक दोन ऑपरेटिंग सिस्टीममधल्या फरकापेक्षा सहज मोठा ठरू शकतो. संध्याकाळी चार्जर लावून दोन्ही चाचण्या पुन्हा घेतल्या, तेव्हा सकाळ-दुपारची ती तफावत जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून चाचणी घेण्यापूर्वी चार्जर जोडलेला आहे ना, विंडोजमध्ये पॉवर प्लॅन कोणता निवडला आहे आणि लिनक्समध्ये पॉवर मोड कोणता आहे, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

वेग हळूहळू घसरत असेल तर

पहिली फेरी उत्तम, दुसरी किंचित मंद आणि चौथी-पाचवी फारच रेंगाळलेली, असे दिसले तर आधी उष्णतेवर संशय घ्यावा. आजचे प्रोसेसर थंड असताना थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावतात आणि तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. किनारपट्टीवरच्या दमटपणाने माणूस घामाघूम होतो, पण प्रोसेसरला फरक पडतो तो हवेच्या तापमानाचा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये ओलसर होऊन चिकटलेल्या धुळीचा. पंखा काढून पाहिले तर ही धूळ फुंकरीने उडत नाही, ती ब्रशने खरवडूनच काढावी लागते. ही सफाई झाल्याशिवाय घेतलेल्या कोणत्याही आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

यावर दुसरा उपाय क्रमाचा आहे. आधी विंडोजच्या सगळ्या फेऱ्या आणि मग लिनक्सच्या सगळ्या फेऱ्या असे करू नये. विंडोज, लिनक्स, लिनक्स, विंडोज असा उलटसुलट क्रम ठेवावा, दोन फेऱ्यांमध्ये यंत्राला सारखीच विश्रांती द्यावी, आणि शक्यतो सगळे काम एकाच संध्याकाळी उरकावे, म्हणजे दिवसभरातल्या उकाड्याचा भार कोणा एकाच्याच माथी पडणार नाही.

दुसऱ्यांदा तेच काम झटपट झाले तर

एखादी मोठी फाईल पहिल्यांदा उघडताना ती डिस्कवरून वाचली जाते. दुसऱ्यांदा उघडताना ती बहुधा रॅममध्येच तयार असते, कारण विंडोज आणि लिनक्स दोन्ही मोकळी रॅम अशा साठवणीसाठी वापरतात. एका बाजूची पहिली फेरी आणि दुसऱ्या बाजूची दुसरी फेरी शेजारी मांडली की तुलनेला अर्थ उरत नाही. ताजी सुरुवात मोजायची असेल तर प्रत्येक फेरीपूर्वी संगणक पुन्हा सुरू करावा आणि लॉगिननंतर पाच मिनिटे थांबावे. सरावलेल्या अवस्थेतला वेग मोजायचा असेल तर दोन्हीकडची पहिली फेरी सोडून द्यावी.

याच साठवणीमुळे रॅमच्या वापराबाबतही गैरसमज होतो. लिनक्समध्ये फ्री ही आज्ञा दिल्यावर 'फ्री' या रकान्यात अगदी लहान आकडा दिसतो आणि रॅम संपत आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पाहायचा रकाना 'अव्हेलेबल' हा आहे.

संगणक सुरू होण्याचा वेळ मोजताना तर जवळजवळ सगळेच फसतात. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप सोयीमुळे 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. लिनक्स मात्र दर वेळी आरंभापासून सुरू होते. विंडोजचा पूर्ण वेळ हवा असल्यास 'रीस्टार्ट' करून मोजावा, कारण त्यात ही सोय वापरली जात नाही.

डिस्क आणि पडद्यामागची कामे

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर दोन्ही प्रणाली शेजारीशेजारी बसवल्या असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला माहिती वेगाने वाचली जाते आणि आतल्या भागात तोच वेग बराच उतरतो. नंतर बसवलेल्या प्रणालीच्या वाट्याला बहुधा डिस्कचा शेवटचा, म्हणजे आतला, भाग येतो आणि तिच्यावर विनाकारण मंदपणाचा ठपका बसतो. शक्य असेल तर एकाच एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आळीपाळीने दोन्ही प्रणाली बसवून मोजावे, आणि ती एसएसडी काठोकाठ भरलेली नसावी. लिनक्सची चाचणी विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) घेऊ नये. व्हर्च्युअल मशीनमध्ये (दुसऱ्या प्रणालीच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) एक आणि थेट यंत्रावर दुसरी, ही तुलना तर करूच नये.

नवी विंडोज बसवल्यानंतर पहिले एक-दोन दिवस अपडेट आणि शोधासाठीची सूची तयार करण्याचे काम मागे चालू असते. ते संपू द्यावे. विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करून मोजावे का, असे अनेकजण विचारतात. माझे मत असे की बंद करू नये, कारण रोजच्या वापरात तो चालूच राहणार आहे.

प्रोग्रामची आवृत्तीही दोन्हीकडे एकच हवी. एकीकडे जुने लिबरऑफिस आणि दुसरीकडे नवे असेल, तर मोजला जातो तो लिबरऑफिसमधला फरक. व्हिडिओ अडखळत असेल तर ग्राफिक्स चिपची मदत ब्राउझर घेतो आहे का, हे दोन्हीकडे तपासावे. त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) नसल्यास सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

किती वेळा मोजावे

एकदा मोजलेला आकडा मी धरत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारी फोरोनिक्स टेस्ट सूट ही मोफत साधनपेटी प्रत्येक चाचणी अनेकदा घेते आणि आकड्यांत फार चढउतार दिसला तर फेऱ्या आपोआप वाढवते. हाताने मोजताना निदान पाच फेऱ्या घ्याव्यात. समजा ४१, ४२, ४१, ५८ आणि ४१ सेकंद असे आकडे आले, तर सरासरी ४४.६ निघते, पण चढत्या क्रमात मधला आकडा ४१ हाच त्या यंत्राचे खरे वागणे सांगतो. ५८ सेकंदांच्या फेरीत मागे काय चालले होते, हे मात्र शोधायलाच हवे.

वाचनालयात आम्ही शेवटी तीनच कामे निवडली: पुस्तकांच्या नोंदींची मोठी तक्ता-फाईल उघडणे, स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची पीडीएफ तयार करणे आणि ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडणे. पहिल्या दोन कामांत दोन्ही प्रणालींच्या आकड्यांचे पल्ले एकमेकांत मिसळत होते, म्हणून वहीत त्यांच्यापुढे "फरक आढळला नाही" असे लिहिले. तिसऱ्यात लिनक्स मिंट पाचही फेऱ्यांत पुढे राहिले. तिथे वाचक मुख्यतः ब्राउझरच वापरतात, त्यामुळे बाईंनी मिंट ठेवायचे ठरवले.