स्टिरिओ बदलल्यावर गाडीत बिघाड आला, तर तपासणी कुठून सुरू करायची

आयटीआय करून गाड्यांच्या वायरिंगच्या कामात येणाऱ्या मुलांच्या हातात मी आधी स्टिरिओचं काम देतो. कायमचा करंट, चावीचा करंट, लाइटची लाइन, अर्थिंग, सगळं एकाच कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) हाताला लागतं.

ग्राहक मात्र रेडिओची तक्रार घेऊन येत नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नाहीतर डॅशवरच्या मीटरचे दिवे गेलेत, असं तो सांगतो. हे कधीपासून सुरू झालं ते विचारा. रेडिओ बदलल्यापासून, असं उत्तर आलं तर नवी बॅटरी सुचवायची घाई करू नका. आधी रेडिओ बाहेर काढा आणि मागचे जोड बघा.

बाजारातल्या बहुतेक रेडिओंना पिवळी वायर कायमच्या 12 व्होल्टची, लाल चावीची, काळी अर्थिंगची असते. हे रंग फक्त रेडिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, तिथे मल्टिमीटरने (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) मोजल्याशिवाय काही मानायचं नाही. आयएसओ कपलरमध्ये, म्हणजे रेडिओमागच्या प्रमाणित प्लगमध्ये, पिन 4 कायमची आणि 7 चावीची, पण काही जुन्या फोक्सवॅगन गाड्यांत या दोन्ही उलट येतात. अदलाबदल झाली की रेडिओ दर वेळी स्टेशनं विसरतो. लाल वायरही पिवळीसोबत डायरेक्ट जोडलेली असेल, तर चावी काढल्यावरही रेडिओ पूर्ण बंद होत नाही आणि बॅटरी उतरत राहते.

ही गळती मोजायला शिका, कारण पुढे याच कामावर तुमचं नाव होणार आहे. मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल आणि फ्यूजबॉक्सपर्यंत तुमचा हात पोचेल. मग थांबा. नव्या गाड्यांतले मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे डबे) झोपायला अर्धा तासही घेतात. नवी मुलं इथेच उतावीळ होतात आणि सुरुवातीचा मोठा आकडा बघून चांगल्या गाडीत गळती ठरवतात. आकडा स्थिरावल्यावर साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असला पाहिजे. 500 दिसत असतील तर दिवसाला 12 एएच (अँपिअर-तास) गेले. छोट्या गाडीची 35 एएचची बॅटरी दोन दिवसांत का बसते, याचा हिशोब लागला. आता रेडिओचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर दोष त्याच लाइनवर आहे.

डॅशवरच्या मीटरचे दिवे आणि टेललाइट एकत्र गेले असतील तर रेडिओची नारिंगी वायर शोधा. ती पार्किंग लाइटच्या लाइनवरची. तिचं उघडं टोक डॅशमागच्या लोखंडी पट्टीला लागलं की लाइट लावताच फ्यूज उडतो. मोठा फ्यूज टाकून कुणी हे दाबत असेल तर त्याला थांबवा, वायर जळेल. आणि रात्री हायवेवर टेललाइट नसलेली गाडी मागच्या ट्रकला दिसत नाही. ही तक्रार आली की मी बाकीची कामं बाजूला ठेवतो.

स्पीकरची काळ्या रेघेची वायर बॉडीला कधीच जोडू नका. आजच्या रेडिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरवर आउटपुट असतं, त्यातली कुठलीही अर्थिंग नसते. तशी जोडली तर रेडिओ बंद पडतो किंवा त्याचा ॲम्प्लिफायर जातो. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर बहुतेकदा अर्थिंग कच्ची असते. रेडिओ मोठ्या आवाजात चालू ठेवून त्याची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट मोजा. 0.2 च्या वर गेले तर रंग खरवडून नवी अर्थिंग द्या.

जोड पिळून नुसती टेप गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या डॅशमागे टेपचा चिकटा सुटतो. सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, किंवा गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर वापरा. एअरबॅगच्या वायरवरही पिवळं कव्हर असतं, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

तपासणीची मजुरी आधीच वेगळी सांगून ठेवा. अर्धा तास मीटरकडे बघत बसणं हेही काम आहे, हे ग्राहकाला गाडी उघडण्याआधी समजलेलं बरं. बिलावर गळतीचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून द्या.