बायबलबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर कसं द्यायचं (आणि कधी द्यायचं नाही)

चर्चमध्ये तरुणांचा बायबल अभ्यास घ्यायला लागले तेव्हा मला वाटायचं की प्रश्न आला रे आला की वचन फेकायचं, अध्याय आणि ओवी नंबरासकट, म्हणजे समोरचा गप्प. आणि खरंच गप्प व्हायचे लोक. पण गप्प झाला म्हणजे पटलं असं नसतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून म्हटलं जे शिकले ते एकदा लिहून काढावं, तुम्ही विश्वासी असा नसा, ख्रिस्ती विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर निदान चुकीचं तरी सांगणार नाही.

पहिली गोष्ट, प्रश्न पूर्ण ऐका. नीतिसूत्रांत १८:१३ मध्ये (म्हणजे अठरावा अध्याय, तेरावी ओवी) सरळ लिहिलंय की ऐकून घेण्याआधी जो उत्तर देतो तो मूर्ख ठरतो. सोपं वाटतं पण होत नाही हो, कारण समोरच्याने "देव चांगला आहे तर मग" एवढं म्हटलं की आपल्या डोक्यात आपलं पाठ केलेलं उत्तर सुरू झालेलं असतं. मी आता उलटा प्रश्न विचारते, "हे आत्ताच का मनात आलं?" अर्ध्या वेळेला तिथेच कळतं की माणसाला माहिती हवीये, वाद घालायचाय की कुठेतरी दुखतंय. तीन वेगळी कामं आहेत ती.

दुखतंय तेव्हाचं आधी सांगते कारण तिथे मी सगळ्यात वाईट चुकलेय. एका मैत्रिणीचा भाऊ अचानक गेला, दोन दिवसांनी तिने विचारलं, देवाने असं का केलं. मी काय केलं तर रोमकरांस ८:२८ सांगितलं, देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरंच आहे पण त्या क्षणी ते तिच्या तोंडावर दार आपटल्यासारखं झालं, तिने मान हलवली आणि पुढे कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलली नाही. नंतर ईयोबचं पुस्तक, सगळं गमावलेल्या एका सज्जन माणसाचं, पुन्हा वाचताना २:१३ वर थांबले, ईयोबाचे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, कुणी एक शब्द बोलत नाही. आणि गंमत म्हणजे तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडल्यावर "तुझंच काहीतरी पाप असणार" सुरू केलं आणि शेवटी ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावतो. योहान ११ मध्ये येशूला माहीत असतं की तो आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार आहे, तरी कबरेपाशी पोचण्याआधी रडतो. म्हणजे ज्याच्याकडे उत्तर होतं तोसुद्धा आधी रडला. तर दुःखातल्या माणसाला "का" चं उत्तर देऊ नका, बसा त्याच्याजवळ. आणि "कुणाच्या पापामुळे झालं" असं कुणी म्हणायला लागलं तर मात्र योहान ९ काढा, जन्मांध माणसाबद्दल शिष्य नेमकं हेच विचारतात, याने पाप केलं की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो, याने पण नाही आणि त्यांनी पण नाही.

आता माहितीवाले प्रश्न. इथे नियम एकच, वचनाच्या मागचं पुढचं वाचा, निदान दहा ओव्या वर आणि दहा खाली. फिलिप्पैकरांस ४:१३ घ्या, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, हे परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि मॅचच्या आधी स्टेटसला पडतं. पण पौल, ज्या प्रेषिताचं हे पत्र आहे तो, हे लिहितोय कैदेतून, आणि लगेच वरच्या ओवीत म्हणतो की पोटभर असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं हे मी शिकलोय. म्हणजे "सगळं करू शकतो" म्हणजे जिंकू शकतो असं नाही, उपाशीपोटी पण टिकू शकतो असं आहे. यिर्मया २९:११ चं पण तेच, तुमच्यासाठी चांगल्या योजना आहेत वगैरे, ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि एक ओवी वर लिहिलंय की आधी सत्तर वर्षं जातील. सत्तर! ज्यांनी पत्र वाचलं त्यातले बरेचसे परत यायला जिवंतही नसणार. हे सांगितलं की वचन लहान होत नाही, उलट माझ्या अनुभवात लोक पहिल्यांदा नीट वाचायला लागतात.

तसं अध्याय आणि ओव्यांचे नंबर मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला देतात, आणि नव्या कराराचे (बायबलचा येशूपासून पुढचा भाग, त्याआधीचा तो जुना करार) आज चालणारे ओव्यांचे नंबर रोबेर एस्तियेन नावाच्या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले. म्हणून एक ओवी कापून काढून वाद घालणं म्हणजे कुणाच्या लांब पत्रातली एक ओळ व्हॉट्सॲपला फॉरवर्ड करण्यासारखं आहे.

"बायबल नंतर बदललं ना?" हा प्रश्न येणारच, तयारी ठेवा. इथे दोन टोकं टाळा, "एक काना मात्रा बदललेला नाही" असं पण म्हणू नका आणि घाबरू पण नका. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे, त्यात काही तर नुसते तुकडे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत एक पपायरसचा तुकडा आहे, तळहाताएवढा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, त्यावर योहान १८ मधल्या रोमन सुभेदार पिलात आणि येशूच्या बोलण्याच्या ओळी आहेत आणि तो साधारण दुसऱ्या शतकातला धरतात. जुन्या कराराचं म्हणाल तर १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतून गुंडाळ्या मिळायला लागल्या, त्यात यशयाची अख्खी गुंडाळी, सात मीटरहून लांब, तोपर्यंत हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षं जुनी. फरक आहेत, बरेचसे स्पेलिंगचे, काही खरे शब्दांचे, पण पुस्तक ओळखू येतं, तेच आहे.

आणि जिथे अडचण आहे तिथे आपणच आधी सांगून टाका. मार्क १६:९ पासून पुढचा शेवट आणि योहान ८ मधली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, दोन्ही सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीत. बऱ्याच भाषांतरांत कंसात किंवा तळटीप देऊन छापलेलं असतं, लपवलेलं नाहीच ते. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने हे नेटवर वाचलं आणि रागावून आला की आम्हाला कुणी सांगितलं का नाही. त्याचं बरोबर होतं. बाहेरून कळलं की फसवल्यासारखं वाटतं, घरातून कळलं की नुसती माहिती असते.

"रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने नाईसियाच्या धर्मपरिषदेत बसून बायबलची पुस्तकं निवडली" हे पण खूप फिरतं. नाही. ३२५ च्या नाईसिया परिषदेत मुख्य वाद होता आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा, म्हणजे पुत्र हा पित्यासारखाच अनादी आहे की निर्माण केलेला आहे, पुस्तकांची यादी तिथे ठरली नाही. नव्या कराराची आपली २७ पुस्तकं नेमकी तेवढीच असलेली पहिली यादी आपल्याला मिळते ती बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात. आणि हो, एकूण पुस्तकं किती हे विचारलं तर आधी विचारा कुणाच्या बायबलात, प्रोटेस्टंट ६६, कॅथलिक ७३ (तोबित, युदिथ, मक्काबी वगैरे धरून), ऑर्थोडॉक्स लोकांची आणखी वेगळी. हे मला आधी माहीतच नव्हतं आणि एका कॅथलिक आजींशी मी ६६ वर भांडले होते, त्यांनी शांतपणे आपलं बायबल उघडून मक्काबी दाखवलं 😅

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव. सगळ्यात कठीण, आणि सगळ्यात जास्त वाट लावतात ती उदाहरणं. पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण आपण सगळ्यांनी दिलंय, पण विचार करा, तेच पाणी कधी बर्फ होतं कधी वाफ, म्हणजे एकच देव तीन वेषांत येतो असं झालं, आणि ही शिकवण चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारली होती, सबेलियसच्या नावाने ओळखतात ती. मत्तय ३:१६-१७ उघडा, येशू पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि आकाशातून पित्याची वाणी होतेय, तिघं एकाच वेळी. पाणी बर्फ वाफ तिथेच फुटलं. मग सांगायचं काय, तर जेवढं आहे तेवढंच सांगा, देव एकच आहे (अनुवाद ६:४), पिता पुत्र आत्मा तिघंही देव आहेत, आणि पिता म्हणजे पुत्र नाही. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही हे खरं आहे, लॅटिनमध्ये तो तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने वापरला, साधारण २०० च्या सुमारास, शब्द नंतरचा आहे पण ज्यासाठी बनवला ते, पिता पुत्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, मत्तय २८:१९ मध्ये आहे. "देवाला मुलगा कसा?" असं विचारणाऱ्याला आधी हे स्पष्ट करा की शारीरिक अर्थाने कुणीच म्हणत नाही, तो अर्थ ख्रिस्ती लोकांनाही तितकाच चुकीचा वाटतो. बरेचदा एवढ्यानेच अर्धा वाद संपतो.

विसंगतीचे प्रश्न आले तर सारवासारव करू नका. येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं घ्या, त्याच्या रिकाम्या कबरेजवळ मत्तयात एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा मृत्यू मत्तय २७:५ मध्ये गळफास, प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये पडून पोट फाटून. काही जण दोन्ही जुळवून दाखवतात, काही म्हणतात चार साक्षीदार चार प्रकारे सांगणारच, काही म्हणतात वेगवेगळ्या आठवणी आहेत. तुम्हाला काय पटतं ते सांगा पण "विसंगती नाहीच" म्हणू नका, समोरच्याच्या हातात मोबाईल आहे आणि तो दोन्ही ओव्या उघडून बसलाय.

छोटे छोटे पटकन सांगते. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन होत्या, सोनं ऊद गंधरस, आणि ते गोठ्यात नाही, घरात आले (२:११). एदेन बागेत सफरचंद नाही, नुसतं फळ. २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही. पैसा सगळ्या वाईटाचं मूळ असं नाही, पैशाचा लोभ (१ तीमथ्य ६:१०). जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो, हे बायबलमधलं वाक्यच नाही. येशू खरंच होऊन गेला का म्हणाल तर रोमन इतिहासकार टॅसिटस, जो ख्रिस्ती लोकांना नावं ठेवतो, तोसुद्धा लिहितो की ख्रिस्ताला पिलाताच्या हुकमाने मृत्युदंड झाला.

विश्वासाने तारण (पापातून सुटका) की कर्माने? इफिसकरांस २:८-९ एकीकडे (विश्वासाने, कर्मांनी नाही), याकोब २:२४ दुसरीकडे (नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनीही), लोक एकमेकांवर मारतात. इफिसकरांसचं २:१० कुणी वाचत नाही, तिथे लिहिलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलंय. यावर चर्च फुटलंय हो, तुमच्या पाच मिनिटांत सुटणार नाही, लुथरन आणि कॅथलिकांना संयुक्त घोषणापत्रावर सही करायला १९९९ उजाडलं.

मग तो प्रश्न, "माझी आजी येशूला मानत नव्हती, ती नरकात आहे का?" इथे थांबा. योहान १४:६ आहे, माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कुणी येत नाही, आणि ज्यांच्याकडे नियमशास्त्र नव्हतं त्यांच्या विवेकाबद्दल रोमकरांस २ पण आहे. बरेच प्रोटेस्टंट म्हणतात विश्वास ठेवल्याशिवाय नाही, कॅथलिक चर्चने १९६४ च्या दस्तऐवजात म्हटलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही तेही तारण पावू शकतात. तुमचं चर्च काय मानतं ते प्रामाणिकपणे सांगा, इतर काय मानतात तेही सांगा, पण तिच्या आजीचा निकाल तुम्ही लावू नका, ती खुर्ची आपली नाही.

वाद घालायला आलेल्यांबद्दल फार लिहीत नाही. १ पेत्र ३:१५ सगळ्यांना पाठ असतं, उत्तर द्यायला तयार असा, पण त्यातच पुढे सौम्यतेने द्या असं आहे तेवढं गळतं. आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ सोडून दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघू नका ही म्हण तर मत्तय ७ मध्येच सापडते. समोरचा म्हणाला चर्चच्या नावाने लोकांनी अत्याचार केलेत, तर "हो केलेत" म्हणा आधी.

शेवटचं म्हणजे माहीत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगते" म्हणा आणि खरंच बघून सांगा, वहीत लिहून ठेवा नाहीतर राहून जातं. ग्रुपमधल्या एका दहावीतल्या मुलीने विचारलं होतं, आदामाचा मुलगा काइन, त्याची बायको कोण, आली कुठून. मी उत्पत्ती ५:४ दाखवलं, आदामाला इतर मुलं मुली झाल्या असं आहे, म्हणजे परंपरेने बहीणच धरतात, आणि जे हा भाग शब्दशः इतिहास म्हणून वाचत नाहीत त्यांना हा प्रश्न पडत नाही. ती म्हणाली, पण नाव काय? म्हटलं नाव दिलेलंच नाही. घरी येऊन शोधलं तर जुबिलीज नावाच्या जुन्या यहुदी ग्रंथात तिचं नाव आवान दिलंय, आणि तो ग्रंथ इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलात आहे. पुढच्या रविवारी तिला गाठून सांगितलं की माझं उत्तर आपल्या बायबलपुरतं बरोबर होतं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्या बायबलात किती पुस्तकं आहेत?" वहीत लिहून घेतलं.