ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचा अर्ज : या चुका टाळा

महाराष्ट्रात आणि गोव्यात पदवी प्रवेशाची धावपळ बारावीच्या निकालानंतर सुरू होते, त्यामुळे ‘निकाल लागू दे, मग बघू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ब्रिटनच्या बाबतीत याच वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होते, असे माझे मत आहे. तेथे शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून जाऊ लागतात, म्हणजे विद्यार्थी बारावीच्या सहामाही परीक्षेची तयारी करत असतो तेव्हा. विद्यापीठ आपला निर्णय घेते तो दहावीचे गुण, शिक्षकांनी वर्तवलेले बारावीचे अपेक्षित गुण, विद्यार्थ्याने अर्जात स्वतःविषयी लिहिलेले निवेदन (पर्सनल स्टेटमेंट), शिक्षकाचे शिफारसपत्र आणि काही अभ्यासक्रमांत प्रवेश परीक्षा यांच्या आधारे. बारावीचा प्रत्यक्ष निकाल सर्वांत शेवटी येतो आणि विद्यापीठाने सशर्त प्रवेश, म्हणजे ‘ऑफर’, देताना घातलेली गुणांची अट पुरी झाली की नाही, एवढेच तो ठरवतो. पुढील बहुतेक चुका हा उलटा क्रम वेळीच ध्यानात न आल्याने घडतात.

तारीख एक नसते, आणि घड्याळ तिकडचे असते

पदवी अभ्यासक्रमांचे बहुतेक सर्व अर्ज चेल्टनहॅम येथील ‘युकास’ या संस्थेच्या संकेतस्थळावरून जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक सर्व वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी मुदत १५ ऑक्टोबरला संपते. इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीत असते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. या दुसऱ्या तारखेपर्यंत आलेल्या सर्व अर्जांचा समान विचार करणे विद्यापीठांवर बंधनकारक असते. त्यानंतर आलेला अर्ज जागा शिल्लक असतील तरच पाहिला जातो, आणि मागणी जास्त असलेल्या अभ्यासक्रमांत त्या बहुधा शिल्लक नसतात. दोन्ही मुदती तेथील संध्याकाळी सहा वाजता संपतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तिकडे उन्हाळी वेळ चालू असल्याने भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तर जानेवारीत साडेअकरा. मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे असे समजून बसणाऱ्याचा अर्ज अशा वेळी काही मिनिटांनी हुकतो, आणि त्यावर दाद मागता येत नाही.

प्रवेश परीक्षांची नोंदणी युकासच्या अर्जात होत नाही, ती वेगळी करावी लागते, आणि तिची मुदत बहुधा अर्जाच्याही आधी संपते. वैद्यकीयसाठीची यूकॅट परीक्षा जुलै ते सप्टेंबर या काळात होते, वर्षातून एकदाच देता येते आणि तिचे गुण त्याच वर्षीच्या अर्जाला चालतात. कायद्याच्या काही अभ्यासक्रमांना एलनॅट ही परीक्षा लागते. केंब्रिज आणि इंपीरियल कॉलेजच्या अनेक गणिती व तांत्रिक अभ्यासक्रमांना ईसॅट (विज्ञान-अभियांत्रिकीची) किंवा टीएमयूए (गणिताची) परीक्षा लागते, आणि केंब्रिजसाठी त्या ऑक्टोबरच्या सत्रातच द्याव्या लागतात, ज्यांची नोंदणी सप्टेंबरमध्ये बंद होते. अर्ज उत्तम भरला, पण परीक्षेची नोंदणी राहिली, असे झाले तर त्या वर्षी ती जागा गेली असे समजावे आणि परीक्षा नसलेला जवळचा अभ्यासक्रम शोधावा. केंब्रिजला युकासच्या अर्जानंतर स्वतःचा आणखी एक अर्ज भरून हवा असतो. त्याची सूचना ईमेलने येते, आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. पुढे भारतात परत येऊन वैद्यकीय व्यवसाय करायचा असेल तर परदेशी जाण्यापूर्वी नीट परीक्षेत पात्र ठरलेले असणे भारतीय नियमांनुसार आवश्यक आहे. ब्रिटनमधील विद्यापीठ नीटविषयी विचारत नाही, म्हणून ती देण्याचे राहून जाते आणि अडचण कळते ती पाच-सहा वर्षांनी.

गुण पुरेसे, पण विषय चुकीचा

एकूण टक्केवारी चांगली असल्यावर विषयांची चौकशी करण्याची आपल्याला सवय नाही. तेथे मात्र अट बहुधा ठरावीक विषयांतील गुणांची असते. अर्थशास्त्रासाठी चांगली विद्यापीठे गणित मागतात, आणि केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) बारावीत ‘उपयोजित गणित’ घेतलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळ ठिकाणी कळवले जाते की, हा विषय गणित म्हणून धरला जाणार नाही. बारावीत जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र सोडलेल्याला बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे दार बंद होते. शारीरिक शिक्षणासारखे विषय काही विद्यापीठे सरासरीत धरत नाहीत, म्हणून घरी काढलेली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची टक्केवारी आणि विद्यापीठाने काढलेली टक्केवारी यांत फरक पडतो.

मंडळाचा प्रश्नही असाच आहे. केंद्रीय मंडळ आणि आयएससी यांच्यासाठी दिलेली अट महाराष्ट्र किंवा गोवा मंडळाला लागू आहे, असे गृहीत धरू नये. काही विद्यापीठे राज्य मंडळांकडून अधिक टक्के मागतात, तर काही राज्य मंडळाची बारावी थेट प्रवेशास पुरेशी मानत नाहीत. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी स्वतंत्र पान असते. ते वाचूनही संदिग्धता राहिली तर प्रवेश कार्यालयाला मंडळाचे नाव, विषय आणि दहावीचे गुण लिहून ईमेल पाठवावा व आलेले उत्तर जपून ठेवावे. ज्यांची बारावी पुरेशी ठरत नाही त्यांना एक वर्षाचा फाउंडेशन, म्हणजे पदवीपूर्व तयारीचा, अभ्यासक्रम करता येतो, पण तो पुढे कोणत्या विद्यापीठांना चालतो हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. सर्वांना तो चालत नाही.

पाच पर्याय, एकच निवेदन

अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीयसाठी ही मर्यादा चारची आहे, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. पाचही ठिकाणी नामांकित आणि सारख्याच कठीण अटींचे अभ्यासक्रम टाकणे ही नेहमीची चूक आहे. निदान एक पर्याय असा असावा की, अपेक्षेपेक्षा पाच-सात टक्के कमी पडले तरी तेथे जाता येईल, आणि तेथे जायला विद्यार्थी खरोखर तयार असेल. त्याहून मोठी चूक म्हणजे तीन ठिकाणी अर्थशास्त्र आणि दोन ठिकाणी संगणकशास्त्र टाकणे, कारण निवेदन पाचही विद्यापीठांना एकच जाते. दोन्ही विषयांना खूश करणारे निवेदन कोणालाच पटत नाही. याच कारणाने निवेदनात कोणत्याही एका विद्यापीठाचे नाव घालू नये. अभ्यासक्रमाची लांबीही पाहून घ्यावी: इंग्लंडमध्ये ऑनर्स पदवी साधारण तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते, आणि एका वर्षाच्या खर्चाने घरचे सगळे गणित बदलते.

निवेदनाची रचना २०२६ च्या प्रवेशापासून बदलली आहे. पूर्वी एकच सलग लेख लिहावा लागे. आता तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा उपयोग काय. एकूण मर्यादा मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरचिन्हांची आहे आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चिन्हांचे असावे लागते. जुने नमुने समोर ठेवून लिहिणाऱ्यांची उत्तरे या नव्या साच्यात बसत नाहीत. तिन्ही ठिकाणी तीच गोष्ट फिरून येते.

आपल्याकडच्या निवेदनांचा नेहमीचा दोष म्हणजे ती प्रमाणपत्रांची यादी होतात. ऑलिंपियाड, वक्तृत्व, शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा, शाळेचे हेडबॉयपद हे सगळे येते, पण विषयाबद्दल विचार केल्याची खूण दिसत नाही. ‘मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी नाशिकचा एखादा विद्यार्थी असे लिहू शकेल की, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली तेव्हा त्याने लासलगाव बाजार समितीतील घाऊक भाव आणि आपल्या वस्तीतील किरकोळ भाव काही आठवडे टिपून ठेवले, दोन्ही सारखे का उतरत नाहीत असा प्रश्न त्याला पडला, त्याने त्यासाठी काय वाचले आणि कोणता भाग अजून उलगडलेला नाही. यातील शेवटचा तुकडा सर्वांत मोलाचा, कारण शिकवणाऱ्याला तेथे पुढे चर्चा करण्याजोगे काही सापडते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतीत निवेदनातील अशाच वाक्यावर बोट ठेवून प्रश्न विचारले जाऊ शकतात, म्हणून न वाचलेल्या पुस्तकाचे नाव लिहिणे अंगाशी येते.

उसने निवेदन तर मुळीच देऊ नये. युकास प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून पाहते आणि साम्य आढळल्यास विद्यापीठांना कळवते. २००७ मध्ये अशीच तपासणी झाली तेव्हा आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पडल्याची एकच हृद्य आठवण २३४ जणांनी लिहिलेली सापडली होती. अर्ज पाठवताना निवेदन आपलेच आहे आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून किंवा अन्य कोठून उचललेले नाही, असे जाहीर करावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

कागद अडतात तेथे

शिफारसपत्र जोडल्याशिवाय अर्ज पाठवता येत नाही, आणि ते नातेवाइकाने किंवा कौटुंबिक मित्राने, मग तो कितीही मोठ्या पदावर असो, लिहिलेले चालत नाही. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत प्राचार्यांकडून ‘विद्यार्थी सुस्वभावी व कष्टाळू आहे’ अशा दोन ओळी लेटरहेडवर घेण्याची पद्धत आहे. युकासला मात्र शिक्षकाने आपल्या अधिकृत ईमेलवर आलेल्या दुव्यावरून ऑनलाइन भरलेला, विषयातील कामगिरीविषयी बोलणारा मजकूर आणि विषयवार अपेक्षित गुण हवे असतात. शिक्षकांना हे जुलै-ऑगस्टमध्येच समजावून सांगावे, कारण पुढे सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते आणि मग ईमेल कोणी उघडत नाही. अपेक्षित गुण फुगवून घेण्याचा आग्रहही धरू नये. त्यावरून मिळालेल्या ऑफरची अट नंतर पेलावी लागते.

शैक्षणिक माहिती भरताना बारावी अजून झालेली नाही म्हणून ती गाळतात, किंवा अपेक्षित टक्केवारी मिळालेली म्हणून लिहितात, दोन्ही चूक. बारावीचा प्रत्येक विषय ‘निकाल प्रलंबित’ म्हणून नोंदवावा. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे आणि वडिलांचे नाव, आणि वेगळ्या ओळीत आईचे नाव असते. पासपोर्टवरील विद्यार्थ्याच्या नावात कित्येकदा वडिलांचे नाव नसतेच. गुणपत्रिकेतील फरक शाळेच्या पत्राने समजावता येतो, पण परीक्षेच्या नोंदणीतील नाव ओळखपत्राशी जुळले नाही तर केंद्रावरून परत पाठवतात.

फीच्या संदर्भात एक गैरसमज दुबई-मस्कतमधील आणि परत पुण्याला आलेल्या मराठी कुटुंबांत हमखास आढळतो: मुलाचा जन्म ब्रिटनमधला, पासपोर्ट ब्रिटिश, म्हणजे फी स्थानिकांची. इंग्लंडमध्ये स्थानिक फी, जी २०२५-२६ मध्ये कमाल ९,५३५ पौंड होती, मिळण्यासाठी नागरिकत्वाबरोबर अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीची तीन वर्षे साधारणपणे तेथे वास्तव्य असावे लागते. अर्जातील वास्तव्याचा रकाना म्हणूनच विचार करून भरावा आणि शंका असल्यास विद्यापीठाकडून फीचा दर्जा लेखी ठरवून घ्यावा. परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी त्याच्या दुपटी-तिपटीची आणि वैद्यकीयला त्याहून बरीच अधिक असते.

एजंटकडे जाणे गैर नाही, पण युकासच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड विद्यार्थ्याचाच असावा. एजंटला काही विद्यापीठांकडून दलाली मिळते, आणि ज्यांच्याकडून ती मिळत नाही त्यांची नावे त्याच्या यादीत क्वचितच दिसतात. युकासचे शुल्क २०२६ च्या प्रवेशासाठी तीस पौंडांच्या आत होते. ‘अर्ज शुल्क’ म्हणून हजारो रुपये मागितले तर पावती मागावी.

ऑफर आल्यानंतर

सर्व उत्तरे आल्यावर एक ऑफर ‘फर्म’ (पहिली पसंती) आणि एक ‘इन्शुरन्स’ (ती हुकल्यास राखीव) म्हणून ठेवता येते, बाकीच्या सोडाव्या लागतात. दोन्हींची अट ९० टक्के असेल तर इन्शुरन्सला अर्थ उरत नाही. तो कमी अटीचाच असावा. ब्रिटिश परीक्षांचे निकाल युकासला आपोआप मिळतात, भारतीय मंडळांचे मिळत नाहीत. मे महिन्यात निकाल लागल्यावर गुणपत्रिका विद्यापीठाला स्वतः पाठवावी लागते, आणि हे न करता युकासच्या पानावर काही बदल होईल म्हणून वाट पाहणारे पुष्कळ असतात. एखाद-दोन टक्के कमी पडले तरी आधी फर्म विद्यापीठाला विचारावे. जागा असल्यास ते घेतातही. नाहीच जमले, तर जुलैच्या सुरुवातीपासून ‘क्लिअरिंग’, म्हणजे उरलेल्या जागांवरचे प्रवेश, चालू होते, आणि भारतीय निकाल लवकर लागत असल्याने ऑगस्टमधील ब्रिटिश निकालांच्या गर्दीपूर्वी फोन करता येतो.

व्हिसाच्या वेळी अडते ते बहुधा पैशांच्या पुराव्यावर. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, जो नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ व इतरत्र १,१७१ पौंड धरला जातो, खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. एक दिवसही शिल्लक त्याखाली गेली तर मोजणी नव्याने सुरू होते. खाते विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचे हवे. काकांच्या वा आजोबांच्या खात्यातील रक्कम, शेअर आणि भविष्यनिर्वाह निधी धरले जात नाहीत. काका मदत करणार असतील तर पैसे महिनाभर आधी वडिलांच्या खात्यात यावेत, आणि अर्जासोबत जन्मदाखला व पालकांचे संमतिपत्र जोडावे. जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही तयार ठेवावे.