निकेलच्या नॅनोतारा वाढवताना या चुका टाळा

ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) सच्छिद्र पटल साचा म्हणून निकेलच्या द्रावणात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्याच्या छिद्रांत निकेलच्या तारा वाढवतात. त्या वाढल्या नाहीत की नवे विद्यार्थी लगेच पोटेन्शिओस्टॅटच्या, म्हणजे विभव (विद्युतदाब) नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या, मागे लागतात. बिघाड बहुतेक वेळा पटल द्रावणात बुडण्याआधीच झालेला असतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक पटलाच्या पाठीमागे असते. तिथे सोन्याचा किंवा चांदीचा पातळ थर चढवून त्याला विद्युतजोड देतात आणि तो टेपने झाकतात. तो थर द्रावणाला उघडा राहिला, तर निकेल अरुंद छिद्रांत शिरण्याऐवजी आधी त्याच्यावरच बसते. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीला प्रवाह चांगला मिळत होता, फॅरडेच्या नियमाने (वाहिलेल्या विद्युतभारावरून जमलेला धातू काढण्याच्या नियमाने) तारांची लांबीही भरपूर निघत होती, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रे रिकामीच होती. तिने द्रावण बदलले, विभव बदलला, त्यात कित्येक आठवडे गेले. अखेर पटल उलटून पाहिले, तेव्हा टेपची एक कड उचलली गेली होती आणि तिच्याखाली करड्या निकेलचा थर साचला होता. एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोमीटर जाडीचा सलग निकेल थर बसवायला सुमारे २.९ कूलंब लागतात, आणि पटलासाठी त्यातला केवळ छिद्रांच्या क्षेत्रफळाइतका वाटा धरायचा असतो. मात्र तो विद्युतभार नेमका कुठे खर्च झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून मी टेपच्या कडांवर नेलपॉलिशचे दोन हात देतो आणि ते पूर्ण वाळेपर्यंत पात्राला हात लावत नाही.

कोरडे पटल थेट बुडवले, तर एका टोकाला बंद असलेल्या छिद्रांत हवा अडकते. पटल पाण्यात ठेवून निर्वात डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात) बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे.

लवकर उरकावे म्हणून विभव अधिक ऋण करणे मला अजिबात मान्य नाही. त्याने हायड्रोजन सुटतो, बुडबुडे छिद्रांची तोंडे अडवतात आणि तारांची लांबी असमान होते. हायड्रोजन सुटताना छिद्रांतला पीएच चढतो, तो आवरण्यासाठीच द्रावणात बोरिक आम्ल असते. ते वगळू नये.

प्रवाह एकाएकी चढू लागला, तर तारा पृष्ठभागावर आल्या आहेत. तिथेच थांबावे, नाहीतर त्यांच्या टोकांवर निकेलच्या टोप्या चढतात. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये साचा विरघळल्यावर तारा चुंबकाने भांड्याच्या कडेला धरून पाणी बदलत धुवाव्यात. निकेल चुंबकीय असताना गाळणीत तारा गमावण्याचे काहीच कारण नाही.