आधी अंतर मोजा, मग चेहरा बघा

स्टुडिओत काम करणाऱ्या चित्रकाराचं चित्र दाखवताना मी मुलांना आधी त्याचा चेहरा बघू देत नाही. अंगठ्याने झाकायला लावते आणि विचारते, "आत्ता याचं काम कुठवर आलंय?"

सरावाला डच चित्रकार रेम्ब्राँचं १६२८च्या सुमाराचं 'स्टुडिओतला चित्रकार' (The Artist in His Studio) हे चित्र घ्या. तेव्हा तो नेदरलँड्समधल्या लायडन शहरात होता, वय २१-२२. मूळ चित्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, लाकडी फळीवर तैलरंगात. आकार सुमारे २५ बाय ३२ सेंटिमीटर, ए-फोर कागदाहून जरासा मोठा. तेवढा कागद कापून हातात धरा, मगच मोबाइलवरचं चित्र मोठं करा. एवढ्याशा जागेत किती मोठी खोली मावली आहे, ते लगेच जाणवतं.

आता ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, आणि माणूस यांच्यामधलं अंतर बघा. ईझल अगदी पुढे, काळोखं, आपल्याकडे पाठ करून उभं. माणूस पार मागे, लहानसा. त्याने हात लांबवला तरी कुंचला ईझलवरच्या फळीला टेकणार नाही. म्हणजे तो रंगवत नाहीये, बघतोय. इथे घाई करू नका. माझ्या वर्गात सगळे पुढे निघाले होते, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने ईझलच्या खालच्या आडव्या दांडीवर बोट ठेवलं. "बाई, इथे झिजलंय." खरंच, पाय टेकून टेकून झिजल्यासारख्या दोन जागा आहेत. एरवी तो बसून रंगवत असणार. पण खुर्ची कुठेच दिसत नाही! मी किती वर्षं ते चित्र दाखवत होते, आणि ती दांडी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

मग उजेड. फळीची कड लखलखते, कारण प्रकाश तिच्या पुढच्या बाजूवर पडलाय. ती बाजू फक्त त्याला दिसते. फळी कोरी आहे की अर्धी रंगलेली, हे तुम्ही ठरवायचं, मात्र चित्रातलं कारण देऊन. मला ती कोरी वाटते. हातातलं सगळं सामान सज्ज आहे आणि पाऊल मात्र पुढे पडत नाही. कोरा कागद समोर आला की मीही अशीच मागे सरकते.

अवजारांची नावं घ्या: खिळ्याला टांगलेली पॅलेट (रंग मिसळायची पाटी), डाव्या हातातली मनगट टेकवायची काठी, रंग घोटायचा दगड. रंगाच्या ट्यूब १८४१नंतरच्या, त्याआधी रंग तेलात घोटूनच करावा लागे. हा माणूस स्वतः रेम्ब्राँ की दुसरा कोणी, यावर मी फार वेळ घालवत नाही.

अंगठा काढा. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आहेत.

पुढचा सराव डच चित्रकार व्हरमीरच्या, व्हिएन्नात असलेल्या 'चित्रकला' (The Art of Painting) या चित्रावर करा. तिथला चित्रकार पाठमोरा आहे, त्यामुळे अंगठ्याची गरजच नाही. समोरच्या मुलीचं काय आधी रंगवायला घेतलंय, तेवढं शोधा. चेहरा नव्हे, डोक्यावरची पानं.