जुने अमेरिकन तांब्याचे सेंट लिलावात घेताना या चुका टाळा

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेले लार्ज सेंट (मोठ्या आकाराचे एक सेंट) आणि हाफ सेंट (अर्धा सेंट) जमवणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक एकच असते: नाणं ज्या बंद डबीत येतं तिच्यावरचा दर्जाचा आकडा पाहून बोली लावणं. तो आकडा कुणाचंतरी मत असतं. विकत घ्यायचं असतं नाणं.

डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली नाण्याच्या दर्जाची १ ते ७० ही मोजपट्टी मांडली ती लार्ज सेंटसाठीच. आज नाण्यांचा दर्जा ठरवून देणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या तीच वापरतात, पण तांब्याचे जुने संग्राहक आणखी कडक असतात. ते आधी नक्षीची झीज पाहतात, मग खड्डे, ओरखडे, गंज, कडेचे ठोके यांची वजावट करतात. व्हीएफ-२० (‘व्हेरी फाइन’, आकडा २०) इतकी नक्षी शिल्लक असलेलं खडबडीत नाणं अशा हिशेबात व्हीजी-१० (‘व्हेरी गुड’, आकडा १०) वर येऊ शकतं. दोन्ही आकड्यांच्या किमतीत फार मोठी दरी असते, म्हणून ही वजावट स्वतः करायला शिका. माझ्या मते स्वच्छ, चकचकीत तपकिरी पृष्ठभागाचं झिजलेलं नाणं हे ठसठशीत पण खरवडलेल्या नाण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

रंगावर तर खास नजर हवी. घरचा तांब्या चिंचेनं घासला की येतो तो गुलाबी-नारिंगी रंग जुन्या सेंटवर दिसला, तर ते नाणं साफ केलेलं आहे. काही जण साफ केल्यावर पुन्हा रंग चढवतात. तो रंग निस्तेज आणि सगळीकडे एकसारखा असतो, अक्षरांच्या खाचांत साचलेला दिसतो. एकाच फोटोवर विसंबू नका, वेगवेगळ्या उजेडातले फोटो मागवा.

१७९९ आणि १८०४ या दुर्मीळ सालांत फसवणूक जास्त. १७९८ च्या सेंटमधला शेवटचा ८ कोरून ९ केलेली नाणी बरीच फिरतात. अस्सल १७९९ साठी ठशांच्या (पुढच्या-मागच्या बाजूच्या साच्यांच्या) दोनच जोड्या ज्ञात आहेत, शेल्डन यांच्या यादीतले क्रमांक १८८ आणि १८९. अक्षरांची जागा या दोहोंपैकी एकीशीही जुळली नाही, तर तिथेच थांबा. १८०४ ची ठशांची जोडी एकच, क्रमांक २६६. सालातल्या शून्याच्या बरोबर मागे, दुसऱ्या बाजूला ‘ऑफ’ या शब्दातला ‘ओ’ येतो. १८६० च्या सुमारास गंजलेल्या जुन्या ठशांवरून पाडलेलं १८०४ चं ‘रीस्ट्राइक’ वेगळं, त्याला मूळ नाण्याचा भाव देऊ नका.

वजनही तपासा. १७९५ च्या अखेरपर्यंतचा सेंट सुमारे १३.४८ ग्रॅमचा, नंतरचा १०.८९ ग्रॅमचा. झिजेनं थोडं घटतं, पण फरक मोठा असेल तर शंका घ्या. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच बनावट ठशातून निघालेली असण्याची दाट शक्यता.

बोलीची मर्यादा आधीच कागदावर लिहा आणि तिच्यात लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क धरा. अमेरिकेत ते अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास असतं. कुरियर आणि सीमाशुल्क वेगळं.

नाणं हाती आल्यावर मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्यानं हिरवा चिकट थर धरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात वेळच्या वेळी बदला.